ताईच्या गाडीचं हँडल

माझ्या भाऊजींचा डावा हात मी मोडला, तेव्हा ते पोहे खात होते. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायचं म्हटलं की मी कारणं जोडत बसतो.

अमरावतीला राजापेठेत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची मोटार जळाली की लोक आणून टाकतात. मी ती उघडतो, काळं पडलेलं तांबं उपसून काढतो आणि नवीन वेटोळी भरून देतो. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती नर्स. नवऱ्यासोबत अकोल्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात नोकरीला जायची. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेली ती पहिली. तिची ऑर्डर आली तेव्हा मायनं तो कागद बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही.

त्या रविवारी सकाळी सात वाजता ताईच्या शेजारणीचा फोन आला. ती शिवणकाम करायची, आम्ही सगळे तिला खाला म्हणायचो.

"भैया, आज आ जाओ," ती हळू आवाजात म्हणाली.

"क्या हुआ, खाला?"

"बहोत देर से रो रही थी. अब रोना बंद हो गया, इसलिये फोन कर रही हूँ."

पुढं मी काही विचारलं नाही. दुकान उघडलं, बेअरिंग ठोकायला ठेवलेला हातभर लोखंडी पाईप पिशवीत टाकला आणि बायकोला सांगितलं, अकोल्याला सामान आणायला चाललो. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. पाईपचं टोक बाहेर निघालं होतं. शेजारचे आजोबा म्हणाले, "नळाचं काम करता का, भाऊ?" मी हो म्हटलं. मग मूर्तिजापूरपर्यंत ते मला त्यांच्या घरच्या गळक्या नळाबद्दल विचारत राहिले आणि मी त्यांना नीट उत्तरं देत राहिलो. वायसर बदला, आटे घासले असतील, असं. तोंड नळाबद्दल बोलत होतं आणि मनात मी त्या माणसाला कुठं कुठं मारायचं ते ठरवत होतो. आधी गुडघे, मग हात. डोक्यात मारायचं नाही, एवढं मला कळत होतं.

ताईच्या अंगणाचं फाटक ढकललं तर समोर तीच मोटारसायकल उभी. मी जेव्हा जेव्हा अकोल्याला आलो तेव्हा भाऊजीच मला त्या गाडीवर स्टँडवरून घ्यायला आले होते. काळे गॉगल, एका हातानं हँडल. त्या गाडीला पाहूनच माझं डोकं फिरलं. पहिला पाईप हेडलाईटवर घातला. मग मीटरवर, मग आरशांवर. मग दोन्ही हातांनी हँडलवर मारत सुटलो. पाईप उसळून माझ्याच मनगटाला झिणझिण्या येत होत्या, तरी मारत होतो. शेवटी लाथ घातली तशी गाडी ओट्याच्या कोपऱ्यावर आदळली आणि हँडलची उजवी बाजू मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखी वाकडी झाली.

आवाज ऐकून भाऊजी हातात पोह्याची बशी घेऊन दारात आले.

"काय करून राहिला बे?" एवढंच ते बोलले.

त्यांच्या मागं ताई दिसली. तिचा डावा डोळा पूर्ण बंद झाला होता. गाल सुजून त्वचा चकाकत होती. मी पाईप उचलला. भाऊजींनी बशी टाकून डावा हात आडवा धरला आणि मी त्या हातावर मारलं. काडी मोडल्यासारखा आवाज आला. मोठा नाही, बारीकच. ते खाली बसले आणि लहान पोरासारखे ओरडले. मी दुसऱ्यांदा पाईप उचलला, तेवढ्यात माझ्या कानाखाली इतक्या जोरात बसली की मला काही क्षण ऐकूच आलं नाही.

ताईनं मारली होती.

"ते गाडी माही होती!" ती ओरडत होती. "कागदावर माहं नाव हाय. माही गाडी, मूर्खा! उद्या मले लसीकरणाले जाचं हाय. कशावर जाऊ? तुह्या पाठीवर?"

मी तिथंच उभा राहिलो. पोहे ओट्यावर सांडलेले, त्यात हेडलाईटच्या काचा. फाटकाबाहेर माणसं जमली होती. खाला तोंडावर ओढणी धरून उभी होती.

ताईनं रिक्षा बोलावली. ज्या माणसानं तिचा डोळा सुजवला होता त्याचा हात तिनं घरातल्या पट्टीनं आणि लाकडी फूटपट्टीनं बांधला, त्याला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरला सांगितलं की पायरीवरून पडले. डॉक्टरनं तिच्या डोळ्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "मी पन पडली." प्लास्टर होईपर्यंत मी बाहेर बाकावर बसून होतो.  खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. दुसरा फटका राहिला याचीच हळहळ वाटत होती.

संध्याकाळी ताई मला स्टँडवर सोडायला आली. मी म्हटलं, "तू पोलिसात काहून नाही गेली?"

"मंग तुले आत टाकलं असतं. गाडी कोन दुरुस्त करन?" ती म्हणाली. "पुढच्या रविवारी ये. नवीन हँडल लाव. हेडलाईट, मीटर, सगळं. आन् आयक, वायरी हँडलच्या आतून टाक."

"आतून कशाले? या गाडीच्या वायरी बाहेरूनच असतात. टेप मारून देतो चांगली."

"आतून टाक म्हनून राहिली ना मी."

काहून, ते तिनं सांगितलं नाही. मला ते पुढच्या रविवारी कळलं.

त्या आठवड्यात ती भरलेल्या काळीपिवळी जीपमध्ये अंग चोरून, लसीचा डबा पोटाशी धरून नोकरीवर गेली. रविवारी मी ड्रिल, कानस, पकड, टेस्ट लॅम्प आणि जाड पाईपचं नवीन हँडल घेऊन अकोल्याला पोचलो. गाडी बाहेरच्या खोलीत घेतली होती. तिथंच पलंगावर भाऊजी बसले होते, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात घेऊन. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. एवढ्याशा खोलीत तीन माणसं आणि एक मोटारसायकल. ताईनं दोघांनाही चहा दिला. दोघांनीही घेतला.

मी जुनं हँडल सोडवायला घेतलं. त्याच्यावर उजव्या बाजूला, इंजिन बंद करायच्या स्विचच्या खाली, काळ्या टेपचा एक जाड गोळा होता. ब्लेडनं टेप सोलली. आत जोडच जोड. एकाच जागी इतके जोड मी कधी पाहिले नव्हते. वायर तुटायची, जोडायची, परत त्याच्याच बाजूला तुटायची, परत जोडायची, असं झालेलं. माझा धंदाच तांब्याचा. कुठली वायर घासून तुटली आणि कुठली ओढून तोडली ते मला पाहिल्याबरोबर कळतं. या ओढून तोडलेल्या होत्या. आणि जोड कुण्या मेकॅनिकनं मारलेले नव्हते. वायरीवरचं प्लास्टिक दातानं सोललेलं होतं. त्यावर दातांच्या खुणा होत्या.

मी मोजले. अकरा.

मी ताईकडं पाहिलं. ती माझ्यासमोर खाली बसली होती. डोळ्याची सूज उतरून तिथं हिरवट पिवळा डाग राहिला होता.

"हे तू जोडले?"

"मंग कोन? सकाळी सकाळी कोनता मेकॅनिक सापडते?" ती साध्या आवाजात म्हणाली. "याले राग आला का हा वायरी तोडे. किक मारून मारून गाडी सुरू होत नसे, मंग मी खाली बसून जोडो. एकदा डिलिव्हरीची बाई अडली होती. चाळीस मिनिटं उशीर झाला मले."

"काय झालं तिचं?"

"बाई वाचली." एवढं बोलून ती उठली आणि आत जाऊन उगीच भांडी हलवून आली.

 मी पकड घट्ट धरून बसलो होतो. ती पकड त्या माणसाच्या तोंडात घालून एकेक दात उपटावा असं मला वाटत होतं, आणि हे मी नुसतं लिहायला म्हणून लिहीत नाही. माझ्या हातांना खरोखर ते करायचं होतं. ताईला ते कळलं असावं. ती परत येऊन माझ्या आणि पलंगाच्या मधोमध बसली.

"काम कर," ती म्हणाली.

मी हँडलच्या पाईपला भोकं पाडली. दोन्ही मुठींजवळ खालच्या बाजूनं एकेक आणि मधे, जिथं हँडल बसतं तिथं, एक. जास्त मोठं भोक पाडलं तर पाईप तिथंच मोडतो, म्हणून बेताचीच. मग कानशीनं कडा घासल्या. ती कडा बोटाला लागली नाही पाहिजे, नाहीतर रोजच्या हादऱ्यानं वायर कापली जाते. स्विचच्या वायरींच्या टोकाला प्लास्टिकची डबी असते, ती काही भोकातून जात नाही. म्हणून डबीतून एकेक पिन काढली, आणि कुठला रंग कुठल्या घरात ते ताईनं लसीकरणाच्या जुन्या फॉर्मच्या मागं लिहून घेतलं. सुतळीला एक नट बांधून तो एका भोकातून आत सोडला, पाईप तिरपा करून हलवत हलवत मधल्या भोकापाशी आणला आणि बाहेर काढला. सुतळीला वायरी बांधल्या. आता ओढायचं.

वायरी वाकणापर्यंत आल्या आणि अडकल्या. मी ओढलं. हलेनात. अंगाला लावायची पावडर टाकली, परत ओढलं. घाम डोळ्यात जात होता. पलंगावरून भाऊजी हसल्यासारखं काहीतरी नाकातून बोलले. मी पाय पाईपवर रोवला आणि सगळी ताकद लावून हिसका दिला. कट्कन एक वायर तुटून सुतळीसोबत हातात आली.

"बारावा," भाऊजी म्हणाले.

म्हणजे त्यांनीही मोजले होते.

मी उठलो. ताईनं माझी पँट पकडली. "बस खाली. बस म्हनते ना! तुले काय वाटते, तुह्यात आन् त्याच्यात लय फरक हाय? तुह्या घरी कूलरले लाथ कोन मारली होती? पोचा हाय अजून. तुही बायको त्या दिवशी कुठी उभी होती, सांग."

 माझी बायको त्या दिवशी कूलरच्या मागं उभी होती. तिच्यावर मी कधी हात उचलला नाही, असं मी चारचौघांत छातीठोक सांगायचो. कूलरचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे बायकोनंच ताईला सांगितलं होतं.

मी खाली बसलो. ताई म्हणाली, "ओढू नको. मी इकडून ढकलते, तू तिकडून नुसतं घे." तिनं वायरींना खोबरेल तेल लावलं, दोन बोटांनी थोडं थोडं आत सारत राहिली आणि मी सुतळी नुसती ताणून धरली. सुई शिरेत घालताना ती असंच करत असेल. वाकणाशी एकदा थांबल्या आणि मग सगळ्या वायरी एकदम पुढं आल्या. तुटलेली वायर मी नवीन लावली, अखंड, जोड न मारता. दुसरी बाजू अर्ध्या तासात झाली. भोकांना रबरी रिंगा बसवल्या, पिना ताईच्या कागदाप्रमाणं डबीत घातल्या.

"क्लचची तार बाहेरच राहीन," मी म्हटलं. "ते आतून जात नाही."

"राहू दे. ते बदलवता येते मले."

दुपारचे तीन वाजले असतील. चावी फिरवली. इंडिकेटर लागला. नवीन हेडलाईट लागला. ताईनं हॉर्नचं बटण दाबलं आणि बंद खोलीत तो हॉर्न एवढा मोठा वाजला की ती दचकली आणि हसली. डाग होता त्या बाजूनं तिला अजून नीट हसता येत नव्हतं. तिनं परत दाबला. परत हसली.

भाऊजी पलंगावरून उठले. माझी पकड खाली पडली होती, ती त्यांनी उजव्या हातात घेतली.

"आतून टाकून का झालं?" ते म्हणाले. "स्विचच उपटतो ना मी. गाडी चालवाले म्यांच शिकवली हिले, आन् आज मलेच..." त्यांनी पकडीत हॉर्नचा स्विच धरला आणि पिरगाळला. प्लास्टिक कडकन फुटलं.

मी माझा पाईप शोधत होतो. तो मी त्या दिवशी आणलाच नव्हता. ताईच्या पायाशी जुनं, वाकडं हँडल पडलं होतं. ते तिनं उचललं आणि दोन्ही हातांनी भाऊजींच्या पाठीत घातलं. ते गाडीवर पडले. तिनं परत मारलं, खांद्यावर. परत. तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, शिवी नाही, रडणं नाही. फक्त मारताना श्वास जोरात बाहेर पडायचा. एक फटका डोक्याला लागला आणि भाऊजींच्या कानावरून रक्ताची धार सुरू झाली. ते प्लास्टरचा हात डोक्यावर घेऊन "बस, बस" म्हणत होते. ती थांबत नव्हती.

जो माणूस आठ दिवस आधी पाईप घेऊन आला होता त्यालाच तिला धरावं लागलं. मी मागून कवेत धरून तिला उचललं. तिची कोपरं माझ्या बरगड्यांत बसत होती. ती एवढीशी बाई, पण मला आवरेना. मी तिच्या कानात ओरडत होतो, "ताई, मरन तो! ताई, मरन!" आणि खाला दारातून "बेटी, छोड दे, बेटी" म्हणत आत धावली. खालानं तिच्या हातातून हँडल सोडवून घेतलं तेव्हा ताई एकदम ढिली पडली.

मग तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. तिनं साबणानं हात धुतले, कपाटातून औषधांची पेटी काढली, भाऊजींना पलंगावर बसवलं आणि त्यांचं डोकं साफ करायला घेतलं. ते थरथर कापत होते. ती जखम दाबून बसली, रक्त थांबेपर्यंत. "हलू नका," ती म्हणाली, एखाद्या पेशंटला सांगावं तसं. पट्टी बांधून झाल्यावर खालाला म्हणाली, "खाला, इनके पास बैठो," आणि मला म्हणाली, "चाल."

"कुठी?"

"ठाण्यात."

हॉर्नचा स्विच फुटला होता, बाकी गाडी चांगली होती. तीच चालवत होती, मी मागं बसलो होतो.  ठाण्यात तिनं सगळं सांगितलं. पाच वर्षांचं. वायरींचं, डोळ्याचं, त्याआधी मारलेल्या दोन खेपांचं. मग म्हणाली, माझ्या या भावानं त्याचा हात मोडला. आणि आज मी त्याचं डोकं फोडलं. लिहून घेणारी बाई हवालदार थांबली. म्हणाली, "मॅडम, शेवटचं तुम्ही नाही सांगितलं तरी चालते."

"नाही, लिवा," ताई म्हणाली. "मी नर्स हाय. जखम लपवत नाही मी."

तक्रारी दोन्हीकडून झाल्या. माझ्यावरही गुन्हा लागला. मला संध्याकाळपर्यंत तिथंच बसवून ठेवलं, नंतर जामीन झाला. मग वर्षभर तारखांसाठी मी अमरावती-अकोला करत राहिलो. भाऊजी त्यांच्या भावाकडं हिवरखेडला राहायला गेले. कोर्टात ते माझ्यापासून लांब बसत. हात जुळला, पण वाकडा. मनगट पूर्ण फिरत नाही, असं त्यांच्या वकिलानं सांगितलं आणि त्यांनी जजसाहेबांना फिरवून दाखवलं. मी खाली पाहत राहिलो. बसमध्ये ज्या माणसाला मी मनात मारत आलो होतो त्याला मनगट नव्हतं, नुसते मारायचे गुडघे आणि हात होते. शेवटी घटस्फोटाला ते तयार झाले आणि दोन्हीकडच्या तक्रारी आपसात मिटल्या. ताईला उपकेंद्राजवळच क्वार्टर मिळालं. अकोल्याची खोली सोडताना सामान भरायला फक्त मी आणि खाला होतो.

मायला हे सगळं त्या ठाण्याच्या रविवारनंतर महिन्याभरानं सांगितलं होतं. मी तिच्यापुढं बसून, शब्द शोधत, हळूहळू सांगत होतो. भाऊजी ताईला कसं मारायचे, वायरी कशा तोडायचे. माय तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"तिसऱ्या वर्षापासून. तिनंच सांगतलं होतं. मी तिले म्हनलं होतं इकडं निंघून ये."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

मायनं शेंगेतले दाणे ताटात टाकले. "तिनंच शपथ घातली होती मले. म्हने, त्याले सांगशील तर तो काही इचारनार नाही, येऊन हात चालवन. मंग मी नवऱ्याले सांभाळू का भावाले सोडवू?"

दोन वर्षं. मी अमरावतीत दुकानात बसून लोकांच्या मोटारी भरत होतो आणि माझी बहीण, मला कळलं तर काय होईल या भीतीनं, अकोल्यात जमिनीवर बसून दातानं वायरी सोलत होती. मी मायजवळ सरकलो. तिच्यासमोरच्या ढिगातल्या चार शेंगा उचलल्या आणि सोलत बसलो.

आता ताई दर दोन-तीन दिवसांनी फोन करते. उपकेंद्रातलं सांगते, एखाद्या बाईचं सांगते, कधी स्वतःचंही सांगते. परवा ती पहिल्या वर्षीचं काहीतरी सांगत होती, मला माहीत नसलेलं. माझ्या पायाचे अंगठे जमिनीत रुतायला लागले होते. मी मधेच त्या माणसाला शिवी हासडली.

"मी बोलून राहिली ना," ती म्हणाली. "आयक पूर्ण."

मी ऐकलं.